भोंग्याच्या जागी आबाजी

पिंपळे सौदागरच्या आबाजींना हळू बोलता येत नसे. त्यात त्यांचा काही दोष नव्हता. त्यांचं रान पवनेच्या काठानं लांबच लांब पसरलेलं. या टोकाला मोट, त्या टोकाला ज्वारी, आणि मधले सगळे व्यवहार ओरडूनच व्हायचे. ज्वारी हुरड्याला आली की बाकीचे लोक रानात बांधलेल्या माळ्यावर उभं राहून गोफणी फिरवायचे. आबाजी नुसते "हाऽऽऽ" म्हणायचे, आणि पाखरं उठून थेट रहाटणीच्या शिवारात जाऊन बसायची. रहाटणीकरांनी याबद्दल एकदा येऊन भांडणही केलं होतं. पलीकडच्या काठाला निरोप द्यायचा असला तर गावातले लोक माणूस धाडत नसत, आबाजींना सांगत. एक सोयरीक तर त्यांनी नदीच्या या काठावरून त्या काठाशी बोलून पक्की केली होती, मानपानासकट.

पन्नास सालानंतर पिंपरीच्या माळावर कारखाने उभे राहायला लागले आणि आबाजींचा मुलगा सयाजी त्यातल्या एका पंपाच्या कारखान्यात फिटर म्हणून चिकटला. कारखान्यानं कामगारांसाठी बैठ्या चाळी बांधल्या होत्या. त्यांना 'क्वार्टर' म्हणायचं. सयाजीला दोन खोल्या मिळाल्या. त्याची बायको रंभा बाळंतपणाला आली, तिला आई नव्हती, म्हणून आबाजींच्या पत्नी गोजाबाई सुनेजवळ राहायला गेल्या. दोन महिने म्हणून गेल्या. बाळ पालथं पडलं, रांगायला लागलं, उंबरा ओलांडला म्हणून मुरड-कानवलेही झाले, तरी गोजाबाई परत यायचं नाव घेईनात.

शेवटी आबाजींनी रान धाकट्या भावावर, मारुतरावांवर सोपवलं, मुंडासं बांधलं आणि नदीचा उथळ उतार ओलांडून बायकोला आणायला निघाले.

क्वार्टरच्या दारात उभं राहून त्यांनी नेहमीच्या आवाजात हाक मारली, "गोजेऽऽ!"

समोरच्या चाळीतली पाच दारं उघडली. बाळ दचकून रडायला लागलं. ते ऐकून शेजारचं बाळ रडायला लागलं, त्याचं ऐकून त्याच्या पुढचं, आणि रडं असं चाळीच्या टोकापर्यंत पोचून पलीकडच्या चाळीत शिरलं.

"अवं, हळू!" गोजाबाई धावत बाहेर आल्या. "रातपाळीची मानसं झोपल्यात."

"भर दुपारी?" आबाजींनी विचारलं, आणि झोपलेली माणसं उठून बसली.

गोजाबाईंनी त्यांना दंडाला धरून आत ओढलं आणि मोरीपाशी नेऊन उभं केलं. भिंतीतून एक पितळी तोटी बाहेर आली होती. गोजाबाईंनी ती फिरवली. पाणी आलं. उलटी फिरवली. पाणी थांबलं.

"बगितलं?"

"बगितलं की."

"न्हाई, नीट बगा." त्यांनी पुन्हा फिरवली. "लगीन होऊन आल्यापासनं डोक्यावर दोन घागरी अन् कमरंवर एक. नदी ते घर, घर ते नदी. एवढ्या चालण्यात मी काशीला जाऊन आले असते. आता नुसतं आसं केलं की येतंय."

"बरं, मग घरला कवा यायचं?"

गोजाबाईंनी तोटी पूर्ण उघडली. पाण्याच्या आवाजात त्यांना काही ऐकू आलं नाही. आबाजींचा आवाज ऐकू न येणारी नदीकाठची ती पहिलीच बाई असावी.

"राहू चार दिस," आबाजी मनाशी म्हणाले. तेही शेजाऱ्यांनी ऐकलं.

तशा काही गोष्टी त्यांनाही आवडल्या. विजेचा दिवा आवडला. बटण खाली केलं की उजेड, वर केलं की अंधार. पहिल्या संध्याकाळी त्यांनी हे इतक्या वेळा केलं की दिवाच गेला. पिठाच्या गिरणीची भाकरी मऊ लागते हेही त्यांनी कबूल केलं. पण स्वयंपाकाच्या भिंतीला लागून संडास, ही गोष्ट काही त्यांच्या पचनी पडेना. "भिंतीच्या हिकडं आमटी अन् तिकडं ते?" असं म्हणून ते रोज सकाळी तांब्या घेऊन नदीकडे निघायचे.

वाटेवर कारखान्याच्या मोठ्या साहेबांचा बंगला होता. साहेब आणि त्यांच्या पत्नी इंदुताई सकाळी व्हरांड्यात चहा घेत बसलेले असत. मोठ्या माणसाला ओलांडून तसंच पुढं जाणं आबाजींच्या रीतीत बसत नव्हतं.

"रामराम, सायेब! जाऊन येतोऽऽ!"

परत येताना, "आलो बरं का सायेब! बरं वाटलं!"

साहेबांनी लवकरच चहा मागच्या अंगणात घ्यायला सुरुवात केली. आबाजींना ते दिसेनासे झाले तेव्हा ते फाटकापाशी थांबून, साहेबांची तब्येत बरी आहे ना, अशी चौकशी करायला लागले. ती मागच्या अंगणात स्पष्ट ऐकू जाई.

खरी अडचण झाली ती शेजारच्या कुसुमताईंमुळे. त्या मूळच्या पुण्याच्या पेठेतल्या; यजमान कारखान्यात कारकून. त्यांनी प्रेमानं वाटीभर आमटी पाठवली. आबाजींनी घोट घेतला, दार लावून घेतलं, गोजाबाईंच्या कानाशी तोंड नेलं आणि अगदी गुपित म्हणून विचारलं, "ही बाई आमटीत गूळ घालती, का गुळात आमटी?"

भिंतीपलीकडून लगेच उत्तर आलं, "आमटीत गूळ घालते हो, आजोबा!"

गोजाबाईंनी कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी माफी मागायला म्हणून आबाजी स्वतः गेले. ती माफी तीन चाळींनी ऐकली. त्यामुळे आमटीची गोष्ट ज्यांना माहीत नव्हती त्यांनाही कळली, आणि कुसुमताई आठवडाभर कुणाकडे काही पाठवेनाशा झाल्या.

मग कॉलनीचे मुकादम सोपानराव आले. ते परभणीकडचे, गोड स्वभावाचे. म्हणाले, "आबाजी, तुमचं काही चुकायलंय असं नाही. पण लोकं रात्रपाळी करून झोपायलेत की हो. जरा आवाज दाबा."

आबाजींनी आवाज दाबला. ते आणखीच वाईट झालं. दाबलेला आवाज डोंगराआड ढग गडगडावा तसा घुमायला लागला आणि फळीवरची भांडी थरथरायला लागली. शेवटी आबाजींनीच उपाय काढला. मुंडाशाचा एक पदर तोंडावरून घेऊन डोक्यावर गाठ मारली आणि ओट्यावर बसून राहिले. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं, म्हाताऱ्याची दाढ दुखतेय. कुणी लवंग आणली, कुणी हिंग. आबाजींना खरं सांगता येईना, कारण तोंड बांधलेलं. त्यांनी निमूटपणे लवंगा चघळल्या.

त्या ओट्यावर बसून आबाजींना पहिल्यांदाच फार उदास वाटलं. गावात माणूस कमी आणि मोकळी जागा फार. आवाजाला जायला वाट होती. इथं आवाज निघाला की समोरच्या भिंतीला थडकून परत अंगावर यायचा. मनात आलेलं बोलायचं नाही, बोललेलं ऐकू जाऊ द्यायचं नाही, आणि दुसऱ्याचं ऐकू आलं तरी ऐकलं नाही असं दाखवायचं. हे सगळं लोकांना जमतं कसं, हेच त्यांना कळेना.

अशात एका सकाळी कारखान्याचा भोंगा वाजला नाही.

कॉलनीत घड्याळं मोजकीच. सगळा संसार भोंग्यावर चाले. भोंगा झाला की चूल पेटायची, भोंगा झाला की डबा निघायचा. त्या दिवशी भोंगा गप्प राहिला आणि सगळी कॉलनी उन्हं अंगावर येईपर्यंत घोरत पडली. कारखान्यात साहेब एकटेच मशिनींच्या मध्ये उभे. भोंग्याचा एक भाग झिजला होता, तो मुंबईहून यायचा होता, आणि मुंबईचे लोक तो कधी पाठवतील ते सांगत नव्हते.

साहेबांनी सोपानरावांना बोलावलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघांच्याही मनात एकच माणूस आला.

"आबाजी," सोपानराव ओट्याशी येऊन म्हणाले, "तोंडाचं फडकं सोडा. साहेबांनी बोलावलंय."

दुसऱ्या दिवशी उजाडताच आबाजी नवं धोतर नेसून पाण्याच्या टाकीच्या शिडीवर चढले. खाली सोपानराव घड्याळ धरून उभे. "शिफ्टची वेळ झाली, एवढंच म्हणायचं," त्यांनी बजावून सांगितलं. आबाजींनी छाती भरून घेतली. पण 'शिफ्ट' हा शब्द त्यांच्या गळ्याला ओळखीचा नव्हता. गळ्यातून निघाली ती उभ्या जन्माची सवयीची हाळी, रोज पहाटे बैलांना रानाकडे नेताना घालायची ती.

"होऽऽऽ! चला रं लेकरांनोऽऽ, चलाऽऽऽ!"

कॉलनी खडबडून उठली. तिकडे पिंपरी गावात दोन-तीन माणसं उगीचच कामाला लागली. कामगार हसत-हसत डबे घेऊन निघाले. साहेबांनी बंगल्याच्या फाटकातून मान डोलावली. आबाजी टाकीवर उभे, उन्हात मिशा चमकताहेत, गळ्यातून एवढ्या दिवसांचा बोळा निघाल्यासारखं वाटतंय. फार बरं वाटत होतं.

पण नदीपलीकडे मारुतराव शेणखताची गाडी भरून रानाकडे निघाले होते. गाडीला हौश्या आणि नवश्या, ही आबाजींनी वासरं असल्यापासून वाढवलेली जोडी. मालकाची हाळी नदीवरून आली आणि बैलांनी कान टवकारले. किती दिवस ऐकली नव्हती! मारुतरावांनी कासरा ओढला, शेपट्या पिरगाळल्या, शिव्या दिल्या. बैलांनी गाडी वळवली, उतारावरून पाण्यात घातली आणि धूम ठोकली.

टाकीवरून आबाजींना आधी धुरळा दिसला. मग बैल दिसले. मग गाडीत पालथे पडून दोन्ही हातांनी खताला धरून राहिलेले मारुतराव दिसले.

"दादाऽऽ, गप बस! गप बस!" मारुतराव ओरडत होते.

"आरं, थांब रंऽऽ हौश्या!" आबाजी ओरडले. आपलं नाव ऐकून हौश्या जास्तच जोरात धावला.

गाडी कामगारांच्या घोळक्यातून, दोऱ्यांवरच्या वाळत घातलेल्या लुगड्यांतून, साहेबांच्या बंगल्याकडे वळली. चाक फाटकाच्या खांबाला घासलं, गाडी कलली, आणि ओलं, कुजलेलं, एक नंबरचं शेणखत साहेबांच्या हिरवळीवर ओतलं गेलं. वर मारुतराव बसलेले. डोक्याला कुणाचं तरी जांभळं लुगडं गुंडाळलेलं.

कुणी हसावं की पळावं, हे कुणाला कळेना. साहेबांचा चेहरा लाल झाला. ते तोंड उघडणार तेवढ्यात इंदुताई पायऱ्या उतरून धावत आल्या, वाकल्या, आणि खताचा मूठभर गोळा हातात घेऊन म्हणाल्या, "अहो, बघा तरी! किती दिवस सांगतेय, या मुरमाड जमिनीत गुलाब येत नाहीत, खत आणा म्हणून! आजोबा, आणखी मिळेल का हो?"

साहेबांनी तोंड मिटलं. मारुतराव लुगडं सोडत म्हणाले, "मिळंल की बाईसायेब. पर पुढच्या खेपंला मी माझ्या मनानं घेऊन येतो."

त्या दिवसापासून आबाजींना हुकूम झाला की, ओरडायचं ते नदीकडे पाठ करून. ते निगडीच्या दिशेला तोंड करून ओरडायला लागले. दुसऱ्या दिवशी तिकडून एक अनोळखी रेडकू आलं, पण ते एकटंच होतं, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही.

पुढचे दिवस आबाजींचे राजासारखे गेले. बायका त्यांना रस्त्यात थांबून विचारायच्या, "आबाजी, उद्या जरा उशिरा ओरडाल का? पाहुणे आहेत." कामगार त्यांना तंबाखू द्यायचे. आणि मान मिळाला की माणूस बिघडतो तसे आबाजी थोडे बिघडले. हाळीच्या शेपटीला बातम्या जोडायला लागले. कुणाची चप्पल हरवलीय, कुणाच्या घरी मुलगी बघायला येणार आहेत, आज आपल्याकडे भरलं वांगं आहे. एकदा त्यांना लवकर भूक लागली आणि त्यांनी जेवणाची हाळी वेळेआधीच घातली. कामगार मशिनी बंद करून बाहेर आले. जेवण झाल्यावरच साहेबांच्या ते ध्यानात आलं. कामगारांपैकी कुणीही तक्रार केली नाही.

मग मुंबईहून भोंग्याचा भाग आला. भोंगा बसवला. सगळ्यांच्या देखत वाजवला. आबाजी मान तिरकी करून ऐकत राहिले.

"आवाज हाय," ते म्हणाले, "पर ह्यो कुणाला म्हून ओरडतोय, तेच कळंना."

साहेबांनी त्यांना शाल दिली. सोपानरावांनी हात जोडले आणि म्हणाले, "आता मात्र पुन्हा जरा हळू, आबाजी."

घरी येऊन आबाजींनी शाल घडी करून गाठोड्यात घातली. "गोजे, चल. लई झालं शहर."

पिंपरीला शहर म्हणणारे आबाजी एकटेच होते; पुण्याची माणसं तिला गाव म्हणत, आणि साहेब तर माळच म्हणायचे. गोजाबाई मात्र हसल्या नाहीत. त्या तांदूळ निवडत होत्या.

"मी न्हाई येत."

"का? हितं काय हाय? चार भिंती. आभाळ बगायचं तर मान मोडंस्तोवर वर बगावं लागतंय. रानात कसं मोकळं वाटतं!"

"तुमास्नी वाटतं मोकळं," गोजाबाई म्हणाल्या. "रानात तुमी पानी प्यालात. आनलं न्हाई."

आबाजींना राग आला. ते गाठोडं घेऊन तसेच चालते झाले. रंभा "मामंजी, चहा तरी" म्हणत दारापर्यंत आली. बाळ मात्र त्यांच्या मागं रांगत थेट रस्त्यापर्यंत गेलं. त्याला आता आबाजींच्या आवाजाशिवाय झोप येत नसे, ही गोष्ट घरच्यांना त्या दुपारी कळली.

गावात आबाजींचं स्वागत झालं. बैलांनी हात चाटले. आभाळ होतं तेवढंच मोठं होतं. त्यांनी मनसोक्त ओरडून घेतलं, आणि मग भूक लागली. मारुतरावांच्या विमलबाईंनी जेवायला बोलावलं. पण बायकोवर रुसून आलेल्या माणसानं भावजयीच्या हातचं खाल्लं तर रुसण्याला वजन काय राहणार? त्यांनी स्वतः भाकरी थापली. ती घरच्या कुत्र्याला घातली. कुत्र्यानं हुंगली, तोंडात धरून परसात नेली आणि खड्डा करून पुरली. पिठलं केलं ते पातेल्यातून निघालंच नाही. आणि सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे, आता ते कितीही मोठ्यानं बोलले तरी "अवं, हळू!" म्हणणारं घरात कुणी नव्हतं.

एका संध्याकाळी ते काठावर गेले. पलीकडे कॉलनीचे दिवे लागले होते.

"गोजेऽऽ! जेवलीस काऽऽ?"

पलीकडून एक बारीक आवाज आला, कुसुमताईंचा, "जेवल्याऽऽ!"

मागोमाग सोपानराव, "भरीत होतं की होऽऽ!"

आबाजींना गहिवरून आलं. त्यांनी लगेच विचारलं, "पिठल्याच्या गुठळ्या कशा मोडायच्याऽऽ?"

मग काय, कॉलनीत वादच पेटला. कुणी म्हणे पीठ थंड पाण्यात कालवा, कुणी म्हणे उकळत्यात भुरभुरवा. कोकणातला एक वेल्डर सारखा म्हणत होता, पिठलं राहू द्या, कुळीथ आणा. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी लोक ओट्यांवर पाट टाकून आबाजींची वाट बघायला लागले. गोजाबाई मात्र घरातून बाहेर येत नसत. लाज वाटायची. नवऱ्याशी नदीवरून बोलायचं म्हणजे काय!

आणि मग एका संध्याकाळी आबाजींनी विचारलं, "गोजेऽऽ! खरं सांग! येतीस का न्हाईऽऽ?"

"नाही म्हणायल्यातऽऽ!" सोपानरावांनी गोजाबाईंना न विचारताच सांगून टाकलं.

"दिवाळीला येतीलऽऽ!" कुसुमताई.

"पाडव्यालाऽऽ!" आणखी कुणी.

दार धाडकन उघडलं. गोजाबाई बाहेर आल्या, पदर खोचला आणि ओट्यावर चढल्या.

"मला इचारलंय त्येंनीऽऽऽ! तुमास्नी न्हाईऽऽऽ!"

कॉलनी गार पडली. काठावरचे बगळे उठले. रहाटणीच्या शिवारातली पाखरं पुन्हा पिंपळे सौदागरात येऊन बसली. एवढ्या वर्षांच्या संसारात आबाजींनी हा आवाज ऐकला नव्हता. त्यांच्या आवाजापुढं तो कधी बाहेर आलाच नव्हता.

"मी येत न्हाईऽऽ! तुमी याऽऽ! सकाळी रानात जा, सांजच्याला हिकडं या! मधी नदीच हाय, समिंदर न्हाईऽऽ!"

आबाजींनी विचार केला. मग म्हणाले, "बरं."

"काय म्हनालाऽऽ?"

आबाजी आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलले होते. त्यांनी घसा साफ केला. "व्हय म्हनालोऽऽऽ!" आणि पलीकडे टाळ्या पडल्या.

तेव्हापासून तसंच चाललं. सकाळी आबाजी धोतर वर खोचून उतारानं रानात जायचे, संध्याकाळी भाजीची जुडी घेऊन परत यायचे, दार लावायचे आणि बाळाला मांडीवर घेऊन सबंध कॉलनीला ऐकू जाईल असं निजवायचे.

मग एका सुट्टीच्या दिवशी गोजाबाई रान बघायला आल्या. इंदुताईंनी दिलेली छत्री होती, पायात सयाजीनं घेतलेल्या चपला. बांधावर रुमाल झटकून बसल्या. नाकाला पदर लावून म्हणाल्या, "किती धुरळा बाई तुमच्याकडं!"

"तुमच्याकडं?" आबाजी म्हणाले.

"अन् प्यायला पानी कुठाय?"

आबाजींनी नदीकडे बोट दाखवलं. गोजाबाईंनी त्या बोटाकडे पाहिलं, मग नदीकडे, मग छत्री नीट केली आणि तशाच बसून राहिल्या.

आबाजींनी इकडेतिकडे बघितलं. बैल होते, मारुतराव होते, विमलबाई कडेला खुरपत होत्या. कुणीही उठलं नाही. मग त्यांनी खोपटातली घागर घेतली आणि नदीवर गेले. भरली. खांद्यावर घ्यावी तर निम्मं पाणी पाठीवरून गेलं, डोक्यावर घ्यावी तर मुंडासं भिजलं. विमलबाई तोंडात पदर कोंबून हसत होत्या. चढ चढताना दोनदा घागर खाली ठेवावी लागली, आणि दोन्ही वेळा आबाजी नदीकडे वळून किती आलो ते बघत राहिले.

बांधावर पोचेपर्यंत घागरीत तांब्याभर पाणी उरलं होतं. त्यांनी ते तांब्यात ओतून गोजाबाईंच्या हातात दिलं. गोजाबाई निवांत घोट-घोट करून सगळं प्यायल्या आणि त्यांनी तांब्या पुढं केला.

"आनखी?"

आबाजी घागर उचलून पुन्हा उताराला लागले.